पालेझरी तांडा (उजाड)

शाई खरवडायला ब्लेड नेहमी अर्धं मोडून घ्यावं. अख्खं ब्लेड बोट कापतं, अर्धं ऐकतं.

*

नकाशावरचं जंगल भर उन्हाळ्यातही हिरवं असतं.

*

त्या वर्षी जिल्ह्यात टीव्हीच्या इतक्या गाड्या फिरत होत्या, की घाटंजीच्या बाजारात सांबाराच्या जुड्या विकणाऱ्या बाईलाही माईक तोंडापासून किती लांब धरायचा ते कळलं होतं. प्रत्येक गाडीला शेतकऱ्याची विधवा हवी असायची. जिचा नवरा जिवंत, तिच्याकडे कॅमेरा वळत नसे.

*

कुंदा, इयत्ता आठवी, प्रगतिपुस्तक, वर्गशिक्षिकेचा शेरा: हस्ताक्षर उत्तम. राग आवरावा.

*

मरियामा देवी माणसांना नावानिशी ओळखते.

*

कंस उघडतो आणि मिटतो. मधे सापडलं की सुटका नाही.

*

"खोडता येईन का, तेवढंच सांगा बाई," धरमसिंग म्हणाला.

यवतमाळच्या घरात कुंदाच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. कोपरे वर येऊ नयेत म्हणून मिठाची बरणी, अडकित्ता, खलबत्ता आणि धाकट्या भावाच्या, मधूच्या चष्म्याचं घर ठेवलेलं. नकाशा तिच्यापेक्षा वयाने मोठा. एक इंच म्हणजे एक मैल. घाटंजीच्या दक्षिणेचा सगळा डोंगर राखीव जंगलासकट त्यात मावला होता. तपकिरी रेषा एकमेकींना न शिवता टेकड्यांना वेढे घालत गेल्या होत्या, ओढे निळ्या केसासारखे उतरले होते. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पाहणीचा हंगाम: १९२६-२७.

कुंदा निवृत्त होईपर्यंत धरणांच्या सर्वेक्षणाच्या ऑफिसात अनुरेखक होती. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि त्याच्या रेषेवरून आपली रेष न्यायची. आपलं डोकं चालवायचं नाही. सगळी नोकरी यात गेली. धरमसिंग त्याच ऑफिसात खलाशी. समुद्र न पाहिलेला खलाशी. मोजणीच्या पार्टीत साखळी ओढतो, झेंडी धरून उन्हात उभा राहतो त्याला खलाशीच म्हणतात. ऑफिसाने जुने नकाशे रद्दीत काढले तेव्हा हा एक तिने साहेबांना विचारून घरी आणला. कशाला, असं मधूने विचारलं होतं. "चांगला काढलाय," ती म्हणाली होती. तिच्या तोंडून कोणाच्या कामाला 'चांगला' ऐकण्याची मधूची ती पहिली वेळ. बहुधा शेवटचीही.

धरमसिंगचं बोट डोंगराच्या पोटातल्या एका सपाटीवर थांबलं. तिथे काळे ठिपके होते. घरं. शेजारी इंग्रजीत नाव: पालेझरी तांडा. आणि नावापुढे कंसात, आणखी बारीक टाइपात: डेझर्टेड.

उजाड.

कायदा नवाच होता. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्यांच्या घरांचा आणि कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळणार होता. आदिवासी असाल तर नियम सोपा. नसाल तर तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं तिथेच राहतो आहोत हे दाखवा. बंजारे या राज्यात आदिवासींच्या यादीत नाहीत. ज्यांचे पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत होते, त्यांना सरकार विचारत होतं, एका जागी किती दिवस बसलात ते सांगा. तांडा उतारावर कापूस लावायचा. पण सातबारा नाही म्हणून ते शेतकरी नव्हते. आणि शेतकरी नव्हते म्हणून त्या वर्षांत शेतकऱ्याच्या नावाने जिल्ह्यात जे जे आलं, पथकं, पॅकेज, मंत्री, मानसोपचारवाले, त्यातलं काहीही घाट चढून वर गेलं नाही. त्यांचा कापूसही मोजला गेला नाही आणि माणसंही.

धरमसिंगच्या तांड्याने दावा केला होता, आणि तांडा इतका जुना असल्याचा कागद हा नकाशा एवढाच. दावा फेटाळला गेला तर तांड्याने उठायचं होतं. जंगलवाल्यांनी चर खणायची चुन्याची रेघ आधीच मारून ठेवली होती.

"तुमच्या हातचं खोडलेलं कोनालेच दिसत नव्हतं," धरमसिंग म्हणाला. "सारं ऑफिस म्हने, कुंदाबाईनं खोडलं का ब्रह्मदेवालेबी ठाव लागत नाही."

"ते ट्रेसिंगचं कापड होतं. शाई वर बसायची. ही छपाई आहे, कागदात मुरलेली. खरवडलं तर भोक पडेल."

"बारीकसं?"

"तांड्याएवढं."

मधूने पेपर खाली केला. तो कोर्टात शिरस्तेदार होता आणि घरी आल्यागेल्याला पाणी विचारावं तसा 'गुन्हा' हा शब्द पुढे करायचा. "धरमसिंग, पुराव्यात फेरफार म्हणजे फौजदारी गुन्हा आहे."

"अन् राहत्या मानसाले उजाड म्हननं? ते कोनता गुन्हा आहे वकीलसाहेब?"

"मी वकील नाही."

"बोलता तं तसेच."

एरवी कुंदा हसली असती. पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि तो लाल झाला की ऑफिसात इंजिनिअरसुद्धा चहाला म्हणून बाहेर निघून जात. "मी खोडणार नाही," ती म्हणाली.

"काहून?"

"खोडतो कोण? ज्याची चूक असते तो. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खरवडल्या. इंजिनिअरने नाला उलटा वाहवला, खरवड कुंदा. साहेबांनी गाव या काठाचं त्या काठाला नेलं, खरवड कुंदा. आता हा कोण टोपीवाला माझ्या जन्माआधी चुकला, तेही मीच चोरून खरवडू? काहून? चूक त्याची आहे ना? मग त्याची म्हणून दिवसाढवळ्या दाखवायची." राग आला की तिची पुस्तकी मराठी अशी मधेच गळून पडायची.

"दाखवून पाहते कोन?"

"पाहतील. मी येते सुनावणीला."

"तू कशाला पडतेस यात?" मधू म्हणाला. "तिथे जाऊन ओरडशील, कुंदे."

"ओरडीनच." मग ती धरमसिंगकडे वळली. "खरं सांग. तेव्हा तांडा उजाड होता का?"

"देवाशपथ नाही."

"मग त्याने लिहिलं कसं?"

धरमसिंगने मान खाली घातली. "ते माह्या याडीले, मायले विचारा. तिले तिच्या सासूनं सांगतलं. मले सांगाची लाज वाटते. कचेरीत लोक हसतीन."

*

नकाशातली तपकिरी रेष म्हणजे एका उंचीवरच्या सगळ्या जागा. तिच्यावरून चालत राहिलं तर माणूस चढतही नाही, उतरतही नाही; डोंगराला वळसा घालून निघाला तिथेच परत येतो. कचेरीतही अशी रेष असते. आवक, टेबल, साहेब दौऱ्यावर, पुढची तारीख, आवक.

*

नकाशा गुंडाळून कुंदाने प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात घातला आणि दोन्ही तोंडांना बुचं लावली. मधू म्हणाला, बसस्टँडवर लोकांना बंदूक वाटेल. ती म्हणाली, वाटू दे.

सुनावणीच्या कचेरीसाठी घाटंजीला बस सोडून जीप धरायची होती. टपावर कापसाची गाठोडी बांधलेली, आत माणसं कोंबलेली. मधल्या सीटवर धरमसिंगची आई बसली होती. रामीबाई. आरशांची काचोळी, घेरदार फेटिया घागरा, दंडापर्यंत बलोयीच्या पांढऱ्या बांगड्या, आणि या सगळ्यावर नातवाचा शाळेचा स्वेटर. तिने कुंदाला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"तूच का वो ते रागीट बाई? पोरगा सांगे, ऑफिसात वाघीन होती एक."

"कोणी वाघीण म्हणालं नाही मला. तोंडावर तरी."

"वाघीन नाही दिसत." रामीबाईने सरकून जागा केली. "मांजर दिसते. बस."

कुंदा बसली. पाइप दोघींच्या गुडघ्यांवर आडवा. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं, रामीबाई?"

"तिथंच सांगीन. दोनदा सांगाले दम पुरत नाही." मग पाइपवर टिचकी मारून म्हणाली, "याच्यात आहे का आमचा तांडा?"

"आहे."

"गुदमरला असन."

*

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते आणि नम्र होते. राग काढायला जागा न ठेवणारा नम्रपणा, तो कुंदाला रागापेक्षा जास्त डाचतो. त्यांनी स्वतः उठून टेबलावरच्या फायली बाजूला केल्या, नकाशा उलगडला आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"काय सुंदर आहे हो! व्हिंटेज पीस आहे, मॅडम. असं काम आता होत नाही. हे बघा, हे कड्याचं शेडिंग बघा. पुंडलिकराव, इकडे या, हे बघा."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमागून कारकून पुंडलिकराव आले. गालात तंबाखूचा खर्रा होता, त्यामुळे ते मानेनेच 'वा' म्हणाले. शिपाई आला. शेजारच्या खोलीतले दोघे आले. सगळे नकाशावर वाकले. साहेबांनी नदीवरून बोट फिरवलं, माथ्यांची उंची वाचली, कुठे ट्रेकिंगला जाता येईल तेही सांगितलं. रामीबाई भिंतीशी खाली बसली होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. धरमसिंग उभाच होता, झेंडी धरून उभा राहायचा तसा.

मग साहेबांचं बोट थांबलं.

"अरेरे," ते म्हणाले. खरोखरच वाईट वाटून म्हणाले. "इथे तर डेझर्टेड लिहिलंय. म्हणजे त्या साली तिथे वस्ती नव्हती. तुम्ही लोक नंतर आलात. तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध जातोय बघा."

"तो शब्द चूक आहे," कुंदा म्हणाली.

"छापील आहे, मॅडम."

"छापील चूक आहे. आणि म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, असं नियमात आहे."

"चालतो ना. का नाही? घ्या, पुंडलिकराव. या आजी, खुर्चीवर बसा."

रामीबाई खुर्चीवर बसली नाही. बसल्या जागेवरूनच तिने सुरुवात केली.

"माह्या सासूनं सांगतलं मले. जमनी नाव तिचं. नवीच लगन होऊन आलती तवा. खालच्या गावात पटकी लागली. मानसं पटापट मरून राह्यली. मंग नायकानं सांगतलं, उद्या तांडा मुका."

"मुका म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

पुंडलिकरावांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. "सगळा तांडाच साहेब? एकाच दिवशी?"

शेजारच्या खोलीतले दोघे फिस्सकन हसले. शिपायाने तोंड फिरवलं. साहेबांनी ओठ दाबून धरले, पण त्यांचे खांदे हलले. धरमसिंगचे कान काळेनिळे झाले.

रामीबाईला विनोद कळला होता. ती हसणं संपेपर्यंत थांबली.

"हासून घे बापू. पटकीत हासाले मानूस उरत नाही." मग ती साहेबांकडे वळली. "मुका म्हंजे तोंड बंद. रोगराई येते तवा मरियामा फिरते अन् नाव घेऊन हाक मारते. तुह्या मायच्या आवाजात मारन, लेकराच्या आवाजात मारन. ओ देली का गेलं ते मानूस. म्हनून त्या दिवशी चूल इझवाची, राख उचलाची, घर सारवून मोकळं टाकाचं. कोंबडीबी ठेवाची नाही घरात. झाकटीतच, दिवस निघाच्या आंधी, रानात जाऊन बसाचं. अन् कोनी कितीबी आवाज दे, ओ द्याची नाही. त्याच दिवशी ते आले."

"कोण?"

"टोपीवाला साहेब. संगं गडी. एक तीन पायाचा पाट होता, तो मांडला त्यानं अंगनात. गड्यानं लय आवाज देले. 'कोई है? कोई है?' घराघरात पाहून आला. सासू झाडामांगं. सारा तांडा झाडामांगं. पाहून राह्यले. ओ कोन देईन? साहेबानं पाटावर कायतरी लिवलं अन् गेला."

तीन पायांचा पाट.

कुंदाला कळलं. मोजणीचं टेबल. त्या टेबलावर काढलेल्या रेषा ती आयुष्यभर गिरवत आली होती, आणि काढणारा कुठे उभा होता असा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. तो अंगणात उभा होता. कोणाच्या तरी सारवलेल्या, ओल्या अंगणात. तो डोंगराकडे पाहत होता तेव्हा झाडांमागून सबंध तांडा, पोरंबाळं, म्हातारे, नवी नवरी, श्वास धरून त्याच्याकडे पाहत होता. आणि त्याने लिहिलं, कोणी नाही.

"इंटरेस्टिंग," साहेब म्हणाले. "फारच. घ्या, पुंडलिकराव. साक्षीदार सांगते की पाहणीच्या दिवशी तांड्यातील सर्व रहिवासी..." ते शब्द शोधू लागले.

"वनभोजनास?" पुंडलिकराव म्हणाले.

"सहलीस. सहलीस गेले होते. सुटसुटीत आहे."

टकटक झाली. सहल कागदावर चढली.

"खोडा ते," कुंदा म्हणाली.

"काय मॅडम?"

"सहल खोडा. लोक जीव वाचवायला लपले होते. पटकी होती. तसं लिहा. रामीबाई बोलल्या ते शब्द लिहा."

"भावार्थ तोच आहे," साहेब म्हणाले.

"तो नाही! तुमच्या घरात मरणाची भीती असली अन् तुम्ही पोरं घेऊन रानात पळाले, तर त्याले सहल म्हणाल का तुम्ही? म्हणाल?"

"मॅडम, आवाज."

"खोडा म्हणते ना!"

"खोडाखोड चालत नाही," पुंडलिकराव समजुतीने म्हणाले. "जबाब आहे हा. शासकीय कागद. एकदा चढलं का चढलं."

साहेबांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी कुंदापुढे केलं. रागाने काही होत नाही, म्हणाले. निकाल पोस्टाने येईल, म्हणाले. मग त्यांचा स्वर पुन्हा उजळला.

"नकाशा मात्र ठेवून जा. मूळ कागद दाव्यासोबत जमा करावा लागतो. काळजी करू नका, अगदी जपून ठेवू. फ्रेमच करून घेऊ ना. इथे मागे मस्त बसेल." आणि त्यांनी मान वळवून पाठीमागची भिंत पाहिली, हाताची वीत उघडून हवेत रुंदी मापली.

त्या वितीपर्यंत कुंदाने काही ठरवलेलं नव्हतं.

पुंडलिकरावांच्या टेबलावर सह्यांसाठी सुतळीने बांधलेलं बॉलपेन होतं. सुतळी आखूड होती. पेन नकाशापर्यंत येईना, म्हणून तिने नकाशा पेनापर्यंत ओढला. फायली पडल्या. पुंडलिकराव "ओ, ओ" करत मागे सरले. ती वाकली आणि कंसाच्या खाली, हिरव्या जंगलात, निळ्या बॉलपेनाने लिहू लागली. सुतळी कागदावरून घासत होती. शिरोरेषा वाकडी गेली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात घाणेरडं अक्षर होतं.

चूक. लोक होते. ओ दिली नाही.

"अहो! अहो काय करताय!" साहेब उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "किती जुना नकाशा आहे तो! वाटोळं केलंत!"

"काय लिवलं?" खालून रामीबाईने विचारलं.

कुंदाने वाचून दाखवलं.

"सासूचं नाव घाल."

कुंदाने 'जमनी' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली, सहीखाली 'अनुरेखक' लिहिलं. पेन सोडलं तसं ते सुतळीला लोंबकळत टेबलाखाली गेलं.

"आता करा जमा," ती म्हणाली. "लावा भिंतीवर."

*

बाहेर कडुनिंबाखाली जीप भरायची वाट पाहत होती. धरमसिंग चालत चालत पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला. मग कुंदासमोर येऊन उभा राहिला.

"तुमी रागापायी आमचा घात केला बाई."

"मी खरं तेच लिहिलं."

"म्या घरी म्हनलं, गुपचूप खोडा, तं नाही म्हनल्या. अन् इथं साहेबाच्या डोळ्यासमोर लिवलं. आता ते काय म्हनतीन? कागद खराब केला म्हनतीन. झालं. त्याले तं निमित्तच पायजे होतं."

"निमित्त नसतं तरी त्याने दिलं नसतं, धरमसिंग. तू पाहिलंस ना, तो कसा..."

"पाह्यलं. मी रोजच पाह्यतो. माह्या मायले हासले तवा मले नाही आला राग? मी गप काहून राह्यलो? मले येते का नाही बोलता?" त्याचा आवाज फाटला. "राग करनं तुमाले जमते बाई. तुमाले घरी जाऊन पंख्याखाली बसाचं आहे. मले त्या चुन्याच्या रेघीजवळ जाऊन झोपाचं आहे."

कुंदाला राग आला होता, पण या वेळी तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. समोर जो उभा होता तो बरोबर होता, आणि तीही चूक नव्हती. तिने रिकामा पाइप या हातातून त्या हातात घेतला.

जीपमधून रामीबाई ओरडली, "दोघंबी भांडून घ्या नीट. ड्रायव्हर म्हनते, निघाली तं पैदल या लागन."

परतीच्या वाटेवर तिघं एका सीटवर बसली.

*

सबब, सादर केलेल्या पुराव्यात अर्जदाराच्या बाजूने फेरफार झाल्याचे दिसून येत असल्याने व मूळ नोंदीनुसार सदर ठिकाणी वस्ती नसल्याने, दावा अमान्य.

*

कागद घेऊन धरमसिंग आला तेव्हा दुपार होती. कुंदाला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला, पायातल्या चपला दारात काढल्या, कागद टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. चर खणायला सुरुवात झाली होती. मशीन वरच्या अंगाने आलं होतं आणि कापसाचा सगळा उतार पलीकडे गेला होता; बोंडं फुटलेली, वेचायला माणूस जाऊ देत नव्हते. घरं अजून अलीकडे होती.

मधूने कागद वाचला. त्याच्या जिभेवर 'मी सांगितलं होतं' आलेलं कुंदाला दिसलं. बहिणीचं नाक पाहून त्याने ते गिळलं.

"वर अपील करता येते म्हने," धरमसिंग म्हणाला.

"येतं. मी लिहिते. असं लिहिते की..."

"नाही."

कुंदा थांबली.

"तुमी लिवा. पन मी सांगतो तेवढंच लिवा. तुमचा राग नाही घालाचा त्याच्यात. घालाचा असन तं माहा घाला."

ऑफिसात त्याने कधी तिच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली नव्हती. आज ओढली आणि बसला. कुंदाने कोरा कागद घेतला, समास दुमडला आणि पेनचं टोपण काढलं.

"सांग."

धरमसिंगने डोळे मिटले. कुंदाने घाई केली नाही.

"आमी पालेझरी तांड्याचे राहनारे," तो म्हणाला.

तिने लिहिलं.

"आमचा तांडा उजाड नोता. नाही. आमी मुके होतो."

तिने लिहिलं. मधू तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. "नोता काय? नव्हता कर. वर जाणार आहे हे. आणि राहणारे, ण."

"तू पेपर वाच," कुंदा त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पुढे सांग, धरमसिंग."

तो सांगत गेला. काही वाक्यं त्याने परत घेतली. तिने ती एका रेघेने खोडली, खालचं वाचता येईल अशी. कोणाचं तरी नाव घेताना तो थांबला आणि आईला विचारून सांगतो म्हणाला, तिथे तिने जागा सोडली. एके ठिकाणी तो साहेबांबद्दल असं काही बोलला की मधू उठून आत गेला. तिने तेही लिहिलं. पान उलटल्यावर तिने दिवा लावला नाही, खिडकीचा पडदा बाजूला केला.

*

१९२७ सालच्या त्या दिवशी मोजणीवाल्यांनी स्वयंपाकाचं पाणी तांड्याच्या विहिरीतून भरलं. विहिरीवरचा दोर त्याआधीच ओला होता.